काखेला देणार नव्हते, मग काख काळी का पडली?

इंदूरची_सून

नमस्कार. या विभागात आजवर नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

सासूबाई ६१ वर्षांच्या. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या स्तनात गाठ हाताला लागली आणि तपासणीत कॅन्सरच निघाला. पावणेदोन सेंटिमीटर. स्तन राखून गाठ काढली. त्याच वेळी काखेतल्या तीन लसिका-गाठी तपासायला काढल्या. आजार पसरला तर आधी ज्या गाठींत पोचतो त्या या, सेंटिनल म्हणतात त्यांना. तीनपैकी एकीत आजार सापडला. सर्जन म्हणाले, "एकच आहे. पूर्वी आम्ही सगळी काख साफ करायचो, म्हणजे तिथल्या सगळ्या गाठी काढायचो, आता गरज नाही. पुढे रेडिएशन आहेच." हे "आहेच" मी तेव्हा नीट ऐकलं नाही. आता तोच शब्द डोक्यात घोळतोय.

रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं, फक्त स्तनाला द्यायचं. आठवड्याला पाच, असे १५ दिवस, एकूण ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप). काखेचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. "काखेला द्यायचं नाही." मी ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलं, कारण सासूबाईंना हाताची फार धास्ती आहे. त्यांच्या मावशीचा हात अशाच ऑपरेशननंतर सुजला तो शेवटपर्यंत उतरला नाही. चोळीची बाही उसवून घालायच्या म्हणे.

बाराव्या सिकाईनंतर (रेडिएशनला इथे सगळे सिकाईच म्हणतात, वॉर्डबॉयपासून रिक्षावाल्यापर्यंत) मी त्यांचं अंग पुसत होते. हात वर केला तर काखेचा पुढचा निम्मा भाग न घासलेल्या तांब्यासारखा काळपट लाल. वरची कड फूटपट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. पुरळ कधी सरळ रेघेत उठत नाही, हे मला घरबसल्याही कळतं. घडीच्या आत, जिथे कातडीला कातडी घासते, तिथे दोन ठिकाणी सोललंही होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "तीनच दिवस राहिलेत, उगाच थांबवतील."

टेक्निशियन म्हणाले, होतं असं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. मी विचारलं, काखेला देणार नव्हतो ना आपण? तर उत्तर आलं, "दिलेलंच नाही." मागे रांग होती, मी उठले. घरी येऊन फाईल उघडली. त्यात प्लॅनचं एक रंगीत पान आहे, छातीचा आडवा काप आणि त्यावर रंगीबेरंगी रेघा. त्यातल्या पिवळ्या रेघेचा कोपरा सरळ काखेत शिरलेला दिसतो. मी बी.कॉम. झालेली बाई आहे, मला त्यातलं काही कळत नाही, पण काख कुठे असते ते कळतं.

आता घरात दोन पक्ष. चुलत दीर डॉक्टर आहेत (डोळ्यांचे), ते म्हणतात, "वहिनी, बरंच झालं. एक गाठ पॉझिटिव्ह होती, काखही आपसूक शेकली गेली." नणंद म्हणते, सरळ तक्रार करा. मला एवढंच समजून घ्यायचंय की ही चूक होती का, आणि नसेल तर मला "नाही" असं का सांगितलं. शिवाय हात सुजण्याचा धोका यामुळे किती वाढला? आणि दीर म्हणतात तसा या न मागितलेल्या डोसचा खरंच काही उपयोग असतो का?

आणखी एक, विचारायला बरं वाटत नाही पण विचारते. नातू दोन वर्षांचा आहे. सासूबाई त्याला जवळ घेत नाहीत, "माझ्या अंगात किरणं आहेत" म्हणतात. खरं आहे का?

माळव्यातला

ताई, माझ्या मावसबहिणीलाही काखेत असंच झालं होतं. शेवटच्या सिकाईनंतर आठवडाभर वाढलं आणि मग तीन-चार आठवड्यांत कातडी साफ झाली. तिने कोरफडीचा गर लावला होता. सासूबाईंना आराम पडो.

इंडस_निवृत्त

नातवाचं उत्तर आधी देतो, ते थांबायला नको. मी इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रातून निवृत्त झालो, आयुष्य प्रवेगक यंत्रांवर गेलं. तुमच्या सासूबाईंना ज्या मशीनवर ठेवतात ते लिनॅकही जातीने प्रवेगकच, आमच्या इंडस-२ पुढे अगदी लहान. त्यात इलेक्ट्रॉनला वेग देऊन धातूवर आदळवतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. मशीन बंद झालं की किरण संपले. दिव्याचं बटण बंद केल्यावर भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसंच. अंगात काहीही उरत नाही. त्यांना सांगा, नातवाला आज, आत्ता मांडीवर घ्या. फक्त सोललेल्या जागेवर त्याचा हात लागू देऊ नका, तेही त्यांना दुखेल म्हणून.

बडोदेकर_फिजिसिस्ट

ताई, मी बडोद्याचा. मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेला डोस मशीनने कसा पोचवायचा याचा आराखडा करणारा माणूस. तुमचा प्लॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या केसवर निकाल देणार नाही. असं का होतं ते सांगतो.

आधी कोरफड. सोललेल्या कातडीवर घरचं काही लावू नका, डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावा. जागा कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला.

आता शाळेतली स्पर्शिका आठवा, वर्तुळाला एका बिंदूत शिवून जाणारी रेघ. स्तनाला किरण सरळ समोरून दिले तर मागच्या फुफ्फुसाला पूर्ण मार बसेल. म्हणून दोन झोत तिरके देतात, एक छातीच्या मधल्या हाडाकडून आणि एक काखेच्या बाजूने. दोन्ही बरगड्यांच्या गोलाईला शिवून जातात. फुफ्फुसाची एक पातळ चकती तेवढी आत येते. गेली कित्येक दशकं पायाभूत पद्धत हीच आहे.

अडचण अशी की स्तन म्हणजे कडा असलेली वाटी नव्हे. त्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून एक शेपूट काखेकडे जातं, त्याला स्पेन्सचं शेपूट म्हणतात. ते स्तनाचाच भाग आहे, त्याला डोस मिळायलाच हवा. त्याला गाठायला गेलं की काखेचा खालचा भाग झोतात येतोच. तुमचा पिवळा कोपरा बहुधा तोच.

काखेतल्या गाठींच्या तीन पातळ्या मानतात. छातीवर पेक्टोरालिस मायनर नावाचा एक लहान स्नायू आहे, त्यावरून मोजतात. त्याच्या बाहेर आणि खाली पहिली पातळी, त्याच्या पाठीमागे दुसरी, आणि त्याच्या आत, गळपट्टीच्या हाडाकडे तिसरी. सेंटिनल गाठ बहुतेक वेळा पहिल्या पातळीच्या खालच्या अंगाला सापडते. साध्या स्पर्शिका-झोतांत पहिल्या पातळीला बऱ्यापैकी डोस जातो, दुसरीला कमी, तिसरीला जेमतेम. नेमका किती, हे बाईगणिक बदलतं. अंगकाठी, स्तनाचा आकार, बोर्डवर हात किती वर आणि कसा ठेवला, झोताची वरची हद्द कुठे धरली, या सगळ्यावर ते ठरतं. ही वरची हद्द मुद्दाम चढवून खांद्याच्या हाडाच्या गोळ्यापासून दोन सेंटिमीटरपर्यंत नेली तर त्याला हाय टॅन्जेंट म्हणतात. त्यात पहिल्या दोन पातळ्यांचा बराच भाग येतो. हद्द एक-दोन सेंटिमीटर सरकली की स्तनाच्या डोसमध्ये काही फरक दिसत नाही, काखेचा हिशोब मात्र पार बदलतो.

लक्ष्य नसलेल्या जागी असा वाटेत जाणारा डोस आमच्याकडे इन्सिडेंटल म्हणतात. मी मराठीत त्याला अनाहूत डोस म्हणतो. न बोलावता आलेला. चूक वेगळी : दुसऱ्याच बाजूला देणं, दुसऱ्याच माणसाला देणं, ठरल्यापेक्षा जास्त देणं. तुम्ही सांगता त्यात तसं काही दिसत नाही.

काळेपणाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लिनॅकच्या नेहमीच्या ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) किरणांचा पूर्ण जोर कातडीच्या दीड सेंटिमीटर खाली बसतो, म्हणून कातडी एरवी पुष्कळ वाचते. काखेत घडी पडते. वरची कातडी खालच्या कातडीसाठी तो दीड सेंटिमीटर भरून काढते आणि घडीतल्या कातडीला जास्त बसतं. त्यात घाम आणि घर्षण. तेव्हा रंगावरून आतल्या गाठींना किती पोचलं याचा अंदाज बांधू नका. गोऱ्या काखेतही आत भरपूर गेलेलं असू शकतं, आणि काळ्या पडलेल्या काखेत कमी.

डॉक्टर "दिलेलंच नाही" म्हणाले ते त्यांच्या भाषेत खरं आहे. काखेसाठी वेगळं फील्ड, म्हणजे वेगळा झोत, लावलं नाही, काख लक्ष्य म्हणून आखली नाही. तुमच्या भाषेत काखेला मिळालंच. दोन वाक्यं आधी बोलायला हवी होती, ती बोलली गेली नाहीत, आणि त्याबद्दल तुम्हाला वाईट वाटलं तर ते अगदी रास्त आहे.

आता काय करायचं? प्लॅन संगणकात साठवलेला असतो. विभागात विनंती करा की त्यातल्या सीटी स्कॅनवर काखेच्या तिन्ही पातळ्या आखून प्रत्येकीचा सरासरी डोस काढून द्या. उपचार संपल्यावरही हे करता येतं. अनुभवी माणसाला अर्धा-पाऊण तासाचं काम आहे.

इंदूरची_सून

दादा, काय लिहू. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला पूर्ण वाक्यांत सांगितलं. इंडसकाका, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, उठून नातवाला घेऊन गॅलरीत गेल्या.

सर्जन_पुणे

स्तनांच्या ऑपरेशनांचंच काम करते, म्हणून दिरांच्या मुद्द्यावर लिहिते. ते अर्धं बरोबर बोलले.

काख साफ न करण्याचा निर्णय ज्या अभ्यासावर उभा आहे त्याचं नाव झेड-००११. मुख्य निकाल २०११ मध्ये आले, दहा वर्षांचे २०१७ मध्ये. त्यात घेतलेल्या बायका अशा : स्तनातली गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, काखेत हाताला काही लागत नाही, सेंटिनल एक किंवा दोन पॉझिटिव्ह, स्तन राखून ऑपरेशन, आणि पुढे पूर्ण स्तनाला रेडिएशन. म्हणजे नेमक्या तुमच्या सासूबाई. एका गटाची काख साफ केली, दुसऱ्या गटाची तशीच ठेवली. दहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण साफ न केलेल्यांत ८६.३ टक्के, साफ केलेल्यांत ८३.६. नुकसान काही झालं नाही.

खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांची काख साफ केली त्यांच्यापैकी २७ टक्क्यांच्या काखेत सेंटिनलशिवाय आणखी गाठींतही आजार निघाला. दोन्ही गट सारखे होते, म्हणजे साफ न केलेल्यांपैकीही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत तो मागे राहिला असणार. तरी दहा वर्षांत त्या भागात तो परत उठला फक्त दीड टक्का बायकांत. मग बाकीचा गेला कुठे? केमो आणि हार्मोनच्या गोळ्यांचा वाटा नक्की आहे. पण स्पर्शिका-झोतातून काखेत गेलेल्या अनाहूत डोसाचाही वाटा असावा, असं अनेकांना वाटतं. २०१४ मध्ये या अभ्यासातल्या बायकांच्या रेडिएशनच्या नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. पुरेसा तपशील मिळालेल्या २२८ जणींपैकी ४३ जणींना गाठींसाठी वेगळं फील्ड दिलेलं निघालं, जे नियमात बसत नव्हतं. ज्यांच्या झोताची उंची कळू शकली त्यांच्यात जवळपास निम्म्यांना हाय टॅन्जेंट होते. म्हणजे "काखेला काही केलं नाही" असं आपण म्हणतो त्या गटातल्या बऱ्याच काखांना पुष्कळ काही मिळालेलं होतं.

दिरांचं अर्धं चूक कुठे, तर "आपसूक" या शब्दात. आपसूक म्हणजे किती, हे कुणी मोजलेलं नसतं.

हाताबद्दल. काख साफ करण्याऐवजी काखेला मुद्दाम पूर्ण रेडिएशन दिलं तर काय होतं, हे अमारोस नावाच्या अभ्यासाने पाहिलं, तोही २०१४ चा. पाच वर्षांत काखेत आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे अगदी कमी, साफ केल्यावर ०.४३ टक्के आणि रेडिएशनने १.१९. हात सुजण्याचं प्रमाण साफ केलेल्यांत २३ टक्के, रेडिएशनवाल्यांत ११. हा मुद्दाम दिलेल्या पूर्ण डोसाचा आकडा आहे. सासूबाईंच्या तीनच गाठी काढल्या आहेत आणि डोस काखेच्या एका भागालाच गेलेला दिसतो. त्यांचा धोका शून्य नाही, पण मावशीच्या हाताशी त्याची तुलना करू नका. मावशीच्या काळी सगळी काख काढून वर रेडिएशनही द्यायचे. हात सुजण्यासाठी सगळ्यात वाईट जोडी ती.

विजयनगर_इंदूर

मॅडम, दादा, इथेच विचारतो. मिसेसचं नेमकं उलटं झालंय. डावी बाजू, गाठ दोन सेंटिमीटर, सेंटिनल चारपैकी दोन पॉझिटिव्ह, काख साफ केली नाही. हृदयाला लागू नये म्हणून श्वास रोखून धरायच्या पद्धतीने आणि आयएमआरटीने (संगणकाने झोताला नेमका आकार देण्याची पद्धत) देणार आहेत. अजून सुरू व्हायचंय, पुढच्या सोमवारी पहिलं. हे सगळं वाचून काल प्लॅनचा कागद बघितला. रेघा स्तनाला अगदी चिकटून आहेत, काखेत काहीच नाही. काल रात्रीपर्यंत मी यावर खूश होतो.

बडोदेकर_फिजिसिस्ट

साहेब, तुम्ही वेळेत विचारलंत. या धाग्यात मला जे सर्वात जास्त सांगायचं होतं ते तुमच्या प्रश्नात आहे.

झेड-००११ मधल्या बायकांना जुन्या धर्तीचे रुंद झोत मिळाले होते. आज आमच्याकडे मशीनच्या तोंडाशी धातूची बारीक पाती असतात, ती झोताला हवा तसा आकार देतात. आयएमआरटीत संगणकाला सांगतो, एवढ्याला दे आणि बाकीचं वाचव. तो इमानाने तेच करतो. काख आखलीच नसेल तर त्याच्या दृष्टीने ती नुसती वाचवायची जागा आहे. श्वास रोखल्यावर छातीचा आकार बदलतो, त्यानेही काखेतला डोस बदलतो. पालथं झोपवून देतात तेव्हा काखेचा डोस आणखी घटतो, आणि स्तनाच्या एका भागालाच रेडिएशन असेल तर काखेला जवळजवळ काही जात नाही. हे सगळे बदल चांगल्यासाठीच झाले. ज्यांच्या गाठी स्वच्छ निघाल्या त्यांच्यासाठी तर निखळ फायद्याचे, कारण त्यांच्या काखेला मिळणारा प्रत्येक ग्रे वायाच होता.

पण गाठ पॉझिटिव्ह आहे, सर्जनने काख सोडली आहे "रेडिएशन आहेच" या भरवशावर, आणि रेडिएशनवाल्याने काख वाचवली आहे "सर्जनने पाहिलंय" या भरवशावर, असं झालं तर त्या काखेचा विचार नक्की केला कुणी? मी कित्येक फायली अशा पाहिल्या आहेत ज्यांत दोघांनीही आपापलं काम उत्तम केलेलं होतं आणि मधली जागा कुणाचीच नव्हती. आमच्या विभागात त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. सेंटिनल पॉझिटिव्ह असेल तर सांगितलं नसलं तरी तिन्ही पातळ्या आखायच्या आणि आकडे डॉक्टरांपुढे ठेवायचे. द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, पण बघून ठरवावं.

सोमवारच्या आत भेट घ्या. काखेला डोस द्यायचं ठरलंय की न द्यायचं ठरलंय, असं विचारा. ठरलंय या शब्दावर जोर द्या. न द्यायचं ठरलं असेल आणि त्याला कारण असेल तर ते मान्य करा. द्यायचं असेल तर काख लक्ष्य म्हणून आखून मुद्दाम दिलेली बरी, कारण साध्या झोतांचा अनाहूत डोस सबंध काखेला उपचाराच्या मात्रेने पुरत नाही. ठरलेल्या डोसाच्या ९५ टक्के तरी मिळाला तर ती जागा नीट झाकली असं आम्ही धरतो, म्हणजे ४० पैकी ३८ ग्रे. साध्या झोतांत पहिल्या पातळीचासुद्धा काही भागच तिथवर पोचतो.

सर्जन_पुणे

बडोदेकरांशी पूर्ण सहमत, आणि यात आमचा वाटा मोठा आहे हे मान्य करते. "रेडिएशन आहेच" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोलले आहे आणि प्रत्येक वेळी पुढच्या डॉक्टरांना फोन केलेला नाही. विजयनगर, एक माहिती द्या त्यांना. २०२४ मध्ये सेनोमॅक नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यातही एक-दोन पॉझिटिव्ह सेंटिनल असून काख साफ न केलेल्या बायका सुखरूप राहिल्या. पण त्यातल्या बहुसंख्य बायकांना गाठींच्या भागाला मुद्दाम रेडिएशन दिलेलं होतं. म्हणून तुमचा प्रश्न विचारण्यासारखा आहे, घाबरण्यासारखा नाही.

लष्करची_आजी

मी ग्वाल्हेरची. अगं पोरी, तुझ्या सासूबाईंच्या हाताबद्दल मी सांगते. या सगळ्या हुशार मंडळींकडे आकडे आहेत, माझ्याकडे हात आहे.

२००३ साली माझं झालं. सगळी काख काढली, २२ गाठी, आणि वर कोबाल्टच्या मशीनवर पाच आठवडे. दोन वर्षं काही नाही. मग एका संक्रांतीला हळदीकुंकवाला जायचं म्हणून पाटली घालायला गेले तर ती अंगठ्याच्या बुडाशी अडली. साबण लावून चढवली. संध्याकाळी काढताना जीव गेला. मला वाटलं वजन वाढलं. दुसऱ्या हातातली मात्र सैल होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. वर्षभर मी कुणाला सांगितलं नाही. ते वर्ष फुकट घालवलं नसतं तर हात आज बराच बरा असता असं मला फिजिओवालीने स्पष्ट सांगितलं. सुरुवातीची सूज मऊ असते, बोटाने दाबली की खड्डा पडतो, हात उंच ठेवला की उतरते. जुनी झाली की घट्ट होते आणि मग हटत नाही.

तू काय कर. शिवणाची टेप घे. मनगट, मग कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर आणि कोपराच्या वर दहा, अशा तीन जागा. दोन्ही हात मोज. आज मोज, कारण आज हात चांगला आहे आणि आजचं माप नसेल तर पुढच्या मापाला अर्थ राहत नाही. महिन्याला एकदा. एखाद्या जागी पहिल्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर फरक पडला की थेट दाखवायचं. त्याआधीही बाही घट्ट वाटली, हात जड वाटला, अंगठी रुतली तरी दाखवायचं. आणि हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, दुसरा दिवस बघायचा नाही. मी एकदा बघितला आणि पाच दिवस सलाईनवर होते.

आणखी एक. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, त्या हाताने काही उचलू नकोस. मी दहा वर्षं पाण्याची कळशीसुद्धा उचलली नाही. खांदा आखडला तो वेगळाच. मग नवीन फिजिओवालीने सांगितलं की हळूहळू वाढवत वजनाचा व्यायाम केला तर सूज वाढत नाही, असं २००९ मध्येच एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. आता मी अर्ध्या किलोच्या पाण्याच्या बाटलीने सुरू करून दीड किलोवर आले आहे. सूज दाबून धरणारी घट्ट बाही घालते आणि करते. तुमच्या फिजिओवालीला विचारून करा, पण हात जपून जपून कामातून घालवू नका.

इंदूरची_सून

सगळ्यांना कळवायचं होतं, आज जमलं.

गेल्या बुधवारी पुन्हा गेले. या वेळी रांगेत नाही, वेळ मागून. बडोद्याच्या दादांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, की काखेच्या तीन पातळ्या आखून सरासरी डोस कळू शकेल का. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग आतून फिजिसिस्ट मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, शुक्रवारी या.

शुक्रवारी त्यांनी मला स्क्रीनसमोर खुर्ची दिली. सासूबाईंच्या छातीचे काप एकेक करून खाली सरकत होते आणि काखेत तीन रंगांचे तुकडे भरलेले होते, जांभळा, निळा, हिरवा. पहिल्या पातळीला सरासरी २९ ग्रे, दुसरीला ११, तिसरीला दोनच्या आत. पहिल्या पातळीचा साधारण तिसरा हिस्सा ३८ ग्रेच्या वर गेलेला. आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून दाखवली. ऑपरेशनच्या वेळी सेंटिनलच्या जागेजवळ सर्जननी धातूची बारीक क्लिप ठेवली होती, सीटीत पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका पिवळ्या रेघेच्या आत होता. ज्या जागेतून ती एक वाईट गाठ निघाली, तिथे डोस पोचला आहे.

डॉक्टर नंतर वीस मिनिटं बसले. म्हणाले, गाठीतला आजार अडीच मिलिमीटरचा होता, बाकीच्या दोन स्वच्छ, गोळ्या चालू आहेत, म्हणून काखेला वेगळं द्यायचं नाही असं तिघा डॉक्टरांनी बसून ठरवलं होतं. म्हणजे ठरलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. मी तेही म्हणाले त्यांना, शांतपणे. "तुम्ही मला नाही म्हणालात आणि मी ते वहीत लिहिलं. किरणं थोडी काखेत जातील असं म्हणाला असतात तर मी तेही लिहिलं असतं, आणि पंधरा दिवस भीत राहिले नसते." ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. फाईलवर त्यांनी तिन्ही पातळ्यांचे आकडे हाताने लिहून सही केली. नणंदेला मी तो कागद पाठवला, तक्रारीचा विषय तिथेच मिटला.

कातडी आता सुकली आहे. काळी साल निघून खाली गुलाबी आली. हात पूर्ण वर जायला अजून थोडा ओढतो, भिंतीवर बोटं चालवण्याचा व्यायाम दिलाय. रोज जिथपर्यंत पोचतात तिथे नातू पेन्सिलीने रेघ मारतो, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी सात रेघा झाल्यात.

आजी, मापं घेतली. मनगट १६, कोपराखाली २३, कोपरावर २९. पाटल्याही घालून बघितल्या, दोन्ही हातांत सारख्या फिरतात.

विजयनगर_इंदूर

ताई, आमचंही सांगतो. शनिवारी भेटलो. डॉक्टरांनी पुन्हा सीटी उघडला आणि सर्जनना समोरच फोन लावला. दोन गाठी, त्यातली एक सात मिलिमीटर, वय ४४. काख आणि गळपट्टीच्या हाडावरचा भाग मुद्दाम घ्यायचा असं ठरलं. सोमवारचं पुढे गेलं, नवीन प्लॅन गुरुवारी. मिसेस म्हणाल्या, तीन दिवस उशीर चालेल. दादा, मॅडम, आभार.

लष्करची_आजी

सूनबाई, ही तीन मापं कुठल्या हाताची? दोन्ही लिही. उजवा हात कामाचा असतो, तो आधीपासूनच अर्धा सेंटिमीटर जाड निघाला तर घाबरशील उगाच. आणि माप संध्याकाळी घेत जा, दर वेळी त्याच वेळेला. सकाळी हात हलका असतो.